ऑर्किडच्या नव्या फुटव्याची ओळख आणि जोपासना: विदर्भातील घरांसाठी मार्गदर्शन

विदर्भातील लहान गावांतही आता वाढदिवसाला किंवा वास्तुपूजनाला ऑर्किडची कुंडी भेट म्हणून येऊ लागली आहे. तिची फुले दोन-अडीच महिने टिकतात, मग गळतात, आणि झाड घरातल्या एखाद्या कोपऱ्यात सरकवले जाते. काही महिन्यांनी त्याच झाडाच्या बुडाशी किंवा पानांच्या बेचक्यातून एक हिरवे टोक बाहेर येते. घरातील मंडळींना आनंद होतो आणि त्या आनंदात पाणी वाढते, चिमूटभर युरिया पडतो, कुंडी उन्हात जाते. ऑर्किडचा कोवळा फुटवा कुजण्याचे किंवा करपण्याचे आपल्याकडील सर्वांत नेहमीचे कारण ही घाई आहे. म्हणून पुढील मांडणीत आधी फुटवा नेमका कशाचा आहे ते ओळखणे, मग त्याला स्वतःची मुळे येईपर्यंत थांबणे, आणि त्यानंतर आपल्या ऋतूंच्या चालीने पाणी, हवा व खत देणे, असा क्रम ठेवला आहे.

आधी झाडाची घडण पाहावी

बाजारात मिळणाऱ्या घरगुती ऑर्किडपैकी बहुतेक कुंड्या दोन प्रकारांत मोडतात. पहिला प्रकार फॅलेनॉप्सिसचा. त्याला एकच आखूड खोड असते, जाड आणि रुंद पाने डावी-उजवीकडे आळीपाळीने येतात, आणि वरच्या दोन पानांच्या मधल्या पोग्यातून नवे पान निघते. हे झाड फक्त वरच्या दिशेने वाढते, त्यामुळे पोगा कुजला तर त्या खोडाची वाढ कायमची थांबते. वांदा या जातीची घडणही अशीच असते.

दुसरा प्रकार डेंड्रोबियमचा. त्याच्या बुडाशी आडवे खोड असते आणि त्यावरून उसासारख्या पेरांच्या कांड्या एकापुढे एक उभ्या राहतात. प्रत्येक नवी कांडी आधीच्या कांडीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यातून फुटते. जुन्या कांडीची पाने गळून ती काठीसारखी दिसू लागली तरी तिच्यात पाणी आणि अन्न साठवलेले असते आणि नवा फुटवा सुरुवातीला त्याच साठ्यावर जगतो. पाने नाहीत म्हणून हिरव्या, टणक कांड्या छाटून टाकणे म्हणजे पुढच्या फुटव्याची शिदोरी काढून घेणे होय. कांडी पिवळी पडून पोकळ किंवा पूर्ण वाळकी झाली, तरच ती कापावी. ऑन्सिडियम आणि कॅटलिया यांची वाढही याच रीतीने होते.

फुटलेले नेमके काय आहे

डेंड्रोबियममध्ये ओळख सोपी असते. बुडाशी आलेला टोकदार, हिरवा किंवा किंचित लालसर कोंब म्हणजे नवी कांडी, वरच्या पेरांतून आलेली बारीक कळ्यांची काडी म्हणजे फुलदांडा, आणि वरच्याच पेरातून पाने फुटून त्यांच्या खाली मुळे दिसू लागली तर ते पिल्लू, ज्याला बागकाम करणारे केइकी म्हणतात.

फॅलेनॉप्सिसमध्ये मात्र अनुभवी माणसाचीही फसगत होते, कारण मूळ आणि फुलदांडा दोन्ही पानांच्या बेचक्यातून, खोडाची साल भेदून बाहेर येतात आणि पहिले काही दिवस दोन्ही हिरव्या गाठीसारखे दिसतात. मुळाचे टोक गोलसर, गुळगुळीत आणि चकचकीत असते. त्याचा रंग पोपटी, कधी तांबूस असतो, आणि मूळ थोडे लांबले की टोकामागचा भाग रुपेरी पांढरा होऊ लागतो. फुलदांड्याचे टोक किंचित चपटे असते, त्यावर एकावर एक चढलेली लहान खवले दिसतात, आणि हातमोज्यात अंगठा एका बाजूला असतो तसा त्याला एक छोटा उंचवटा असतो. फुलदांडा उजेडाकडे, वरच्या बाजूला वळतो. मूळ कुठेही जाते, बहुधा खाली किंवा आडवे. पिल्लाच्या टोकाला दोन पाने एकमेकांपासून दुभंगताना दिसतात. एवढे पाहूनही शंका राहिली, तर दोन आठवडे वाट पाहावी. टोक नखाने खरवडून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मुळाचे टोक एकदा चिरडले की ते त्या जागी पुढे वाढत नाही, फार तर मागून दुसरी फांदी फुटते.

क्वचित फॅलेनॉप्सिसचा फुलदांडा थेट पोग्यातूनच निघतो. अशा झाडाला त्या खोडावर पुढे पान येत नाही. ते टाकून देण्याची गरज नसते, कारण फुले संपल्यावर खोडाच्या बुडाशी पिल्लू येण्याची शक्यता असते आणि असलेली पाने तोवर झाडाला जगवतात.

नव्या पानाबरोबर सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडून गळते, हा नैसर्गिक क्रम आहे. ते ओढून तोडू नये, आपोआप सुटू द्यावे. एकाच वेळी दोन-तीन पाने पिवळी पडली किंवा वरून पिवळेपणा सुरू झाला, तर मात्र मुळे किंवा पोगा तपासावा.

मुळे येईपर्यंत थांबावे

डेंड्रोबियमच्या कोंबाला पहिले काही आठवडे स्वतःचे एकही मूळ नसते. तो बोटभर उंच होत आला की त्याच्या बुडाशी पांढरट, हिरव्या टोकांची मुळे दिसू लागतात. तोपर्यंत पाणी आधीच्या बेतानेच द्यावे, किंबहुना एक वेळ कमीच द्यावे. कोंबाची पहिली पाने पेल्यासारखी एकमेकांत गुंडाळलेली असतात. त्यांत पाणी साचून रात्रभर राहिले तर कोंब आतून काळा पडतो आणि हलकेच ओढताच हातात येतो. म्हणून पाणी कुंडीच्या कडेने घालावे. नवी मुळे पाच-सात सेंटिमीटर लांब झाली, की मग पाण्याचे आणि खताचे प्रमाण वाढवण्यास हरकत नाही. त्या वेळी कोंब स्वतःच पाणी ओढू लागलेला असतो आणि पुढील दोन-तीन महिन्यांत जाड, भरलेली कांडी तयार होते. त्याच कांडीवर पुढे फुले येतात, म्हणून या काळात पाण्याची ओढ बसू देऊ नये.

फॅलेनॉप्सिसला नवे पान आले म्हणून काहीही बदलू नये. पान सावकाश वाढते आणि निरोगी झाडाला वर्षात साधारण दोन-तीन पानेच येतात. त्याच्या नव्या मुळांकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण हिरवे, ओले टोक असलेली मुळे दिसत असतील तोवर झाड चालू आहे, असे खात्रीने म्हणता येते. कुंडीबाहेर लोंबणारी हवेतील मुळे कापू नयेत किंवा वाकवून कुंडीत कोंबू नयेत, कारण कोरडे असताना ती कडक असतात आणि चटकन मोडतात.

पाणी: किती, कधी आणि कोणते

ऑर्किडच्या मुळावर मृत पेशींचे अनेक थर असलेले स्पंजासारखे आवरण असते. त्याला वेलामेन म्हणतात. कोरडे असताना ते रुपेरी दिसते आणि पाणी शोषले की त्यातून आतला हिरवा रंग दिसू लागतो. पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीचा उपयोग इथेच होतो. कुंडीतली बहुतेक मुळे रुपेरी झाली आणि कुंडी उचलताना हलकी लागली, की पाणी द्यावे. वाराने ठरवून, म्हणजे दर सोमवारी आणि गुरुवारी, पाणी देण्याची पद्धत आपल्या हवेत चालत नाही, कारण मे महिन्यात दोन दिवसांत सुकणारी कुंडी ऑगस्टमध्ये आठ दिवस ओली राहते.

पाणी सकाळी द्यावे. कुंडी दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावी, मग पूर्ण निथळू द्यावी, आणि तळाच्या बशीत पाणी साचू देऊ नये. पोग्यात पाणी गेले तर कापडाच्या किंवा कागदाच्या टोकाने टिपून घ्यावे. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारपर्यंत हाताला चटका देण्याइतके तापते, ते थेट वापरू नये. आदल्या रात्री बादलीत काढून ठेवलेले पाणी सकाळी योग्य तापमानाचे असते.

विकत आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या कुंडीत, अगदी खोडाखाली, शेवाळाचा (मॉसचा) घट्ट गोळा असतो. रोप लहान असताना ते त्या गोळ्यात वाढवलेले असते. कुंडीचा वरचा भाग कोरडा दिसतो आणि हा गोळा मात्र चिंब राहतो. नव्या झाडाची मुळे आतून कुजण्यामागे बरेचदा हाच गोळा असतो. पहिल्यांदा कुंडी बदलताना तो बोटांनी हळूहळू सोडवून काढावा.

कोणते पाणी, हा प्रश्न आपल्याकडे अधिक गंभीर आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो आणि तिथले भूजल खारट आहे. पट्ट्याबाहेरच्या अनेक गावांतही बोअरचे पाणी जड असते, हे घरातील भांड्यांवर आणि गिझरच्या नळीवर बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळतेच. जमिनीत वाढणारी झाडे असे पाणी काही प्रमाणात सोसतात. ऑर्किडच्या कुंडीत मातीच नसते, तिच्याऐवजी झाडाच्या सालीचे आणि कोळशाचे तुकडे असतात, त्यामुळे पाणी उडून गेल्यावर क्षार साल, कोळसा आणि मुळांच्या आवरणावर साचत जातात. मुळांची हिरवी टोके काळी पडून थांबणे, पानांची टोके करपणे आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्री येणे, ही त्याची लक्षणे आहेत. जो फुटवा जोमाने निघून अचानक थबकतो, त्याच्याबाबतीत खताचा विचार करण्याआधी पाण्याचा विचार करावा.

यावर पावसाचे पाणी हा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि तो वाटतो तितका अवघड नाही. तीन कुंड्यांना प्रत्येक वेळी अर्धा लिटर आणि आठवड्यातून सरासरी दोनदा, असा हिशेब धरला, तर आठवड्याला तीन लिटर पाणी लागते. ऑक्टोबरअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या सुमारे ३३ आठवड्यांसाठी शंभर लिटर पुरतात. ही मोजणी वरून ओतण्याच्या पाण्याची आहे, आणि साठवलेले पाणी वापरताना कुंडी बुडवण्याऐवजी तसेच सावकाश ओतावे. उन्हाळ्यात पाळ्या वाढतात, हे धरूनही २०० लिटरचा एक ड्रम पुरून उरतो. पहिल्या दोन-तीन सरींनी कवेलू किंवा टिन धुऊन निघाल्यानंतरचे पाणी भरावे, आणि ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधावे, नाही तर त्यात डासांची पैदास होते. पावसाचे पाणी नसेल, तर गावातील आरओ केंद्राचे पाणी वापरता येते. बोअरचेच पाणी वापरावे लागत असेल, तर महिन्यातून एकदा कुंडीतून दोन-तीन लिटर आरओचे किंवा पावसाचे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत.

उन्हाळा: झाड वाढवण्याचा नव्हे, वाचवण्याचा काळ

इंटरनेटवरील बहुतेक सल्ले थंड देशांतील घरांसाठी लिहिलेले असतात. त्यांत वसंत आणि उन्हाळा हा वाढीचा काळ, असे म्हटलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, चंद्रपूरसारख्या ठिकाणी त्याच्याही वर, आणि दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली येते. फॅलेनॉप्सिसची वाढ २५ ते ३० अंशांत चांगली होते आणि ३५ च्या पुढे ती जवळपास थांबते. डेंड्रोबियम थोडी अधिक उष्णता सोसते, तेही हवेत ओल असेल तरच. आपल्या दृष्टीने खरा वाढीचा हंगाम मृगाच्या पावसानंतर सुरू होऊन दसऱ्याच्या सुमारास संपतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा कोंब किंवा पान हे चांगले लक्षण असते, पण त्याला एप्रिल-मे पार करून द्यावे लागतात.

त्यासाठी घरातील सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे कूलर. खसाची किंवा लाकडी भुश्शाची तट्टी लावलेला कूलर चालू असलेल्या खोलीत तापमान उतरते आणि आर्द्रता वाढते. या दोन्ही गोष्टी ऑर्किडला हव्या असतात. एरवी माणसांना चिकट वाटणारी ती हवा झाडाला मानवते. कुंडी मात्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात, खिडकीचा उजेड मिळेल अशा जागी ठेवावी. ग्रामीण भागात दुपारी वीज जाते हे गृहीत धरून एक रुंद परात घ्यावी, तिच्यात खडे आणि पाणी घालावे, आणि खड्यांवर कुंडी अशी ठेवावी की तिचा तळ पाण्याला टेकणार नाही. ओल्या पोत्याचा पडदा खिडकीला लावला, तर वीज नसतानाही काही तास निभावतात.

कवेलूचे छप्पर आणि मातीच्या भिंती असलेले घर यासाठी टिनाच्या घरापेक्षा पुष्कळ बरे. टिनाखालच्या खोलीत मे महिन्यात ऑर्किड ठेवूच नये. अशा घरी पूर्वेकडील ओसरी निवडावी आणि तिच्यापुढे शेडनेटचा दुहेरी पडदा बांधावा. हिरवी शेडनेट आता जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते. फॅलेनॉप्सिसला सकाळी आठपर्यंतचे कोवळे ऊन चालते, त्यानंतरचे नाही. दुपारी पानाला हात लावून पाहावा. पान हवेपेक्षा गरम लागत असेल, तर ती जागा ताबडतोब बदलावी, कारण उन्हाने भाजलेला पांढरट डाग पुन्हा हिरवा होत नाही. डेंड्रोबियमला उजेड अधिक हवा असतो, पण त्यालाही या दिवसांत जाळीखालीच ठेवावे.

पानांवर पाण्याचा फवारा सकाळी लवकर द्यावा आणि तोही इतकाच, की ते तासाभरात सुकेल. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे मेअखेरीस, खत पूर्ण बंद ठेवावे. या काळात पान वाढले नाही, मुळांची टोके रुपेरी होऊन मिटली, तरी घाबरू नये. पाने टणक असतील तर झाड जिवंत आहे, आणि जूनअखेरीस हवेत ओल आली की त्याच मुळांना पुन्हा हिरवी टोके फुटतात.

आपल्या जंगलांत आंबा आणि मोहाच्या झाडांवर वाढणारी वांदा टेसेलाटा ही ऑर्किड नेमके हेच करते. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडातून काहीच शोषत नाही, फक्त आधार घेते. जाड मुळांच्या आणि पानांच्या बळावर ती उन्हाळा काढते आणि पावसात हिरवी टोके सोडते. तिचे निरीक्षण जरूर करावे, पण ती उपटून घरी आणू नये. राखीव जंगलातून अशी वनस्पती काढणे हा गुन्हा आहे, आणि जंगलातून ओरबाडून आणलेले रोप कुंडीत सहसा तगतही नाही.

खत: अर्धा ग्रॅम पुरेसा

शेतकरी कुटुंबात विद्राव्य खताची पिशवी बहुधा घरातच असते. १९:१९:१९ हे खत ऑर्किडसाठी चालते, फक्त मात्रा पिकाची नको. एका लिटरला अर्धा ग्रॅम हे प्रमाण घरगुती ऑर्किडला पुरते. मोजण्याची साधी रीत अशी, की चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम, दहा लिटरच्या बादलीत विरघळवावा. आधी साध्या पाण्याने मुळे ओली करावीत आणि मगच खताचे पाणी द्यावे, कारण कोरड्या मुळांवर क्षार थेट बसतात. पावसाळ्यात, नवी मुळे वाढत असताना, एकाआड एक पाण्याला खत द्यावे. हिवाळ्यात महिन्यातून एकदा पुरते.

केवळ पावसाचे किंवा आरओचे पाणी वापरणाऱ्यांना कॅल्शियमची उणीव जाणवू शकते आणि कोवळ्या पानाचे टोक काळे पडू शकते. महिन्यातून एकदा, लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, कॅल्शियम नायट्रेट द्यावे. ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये, हा ठिबकचा नियम इथेही लागू होतो. शेणखत, जीवामृत, गोमूत्र आणि युरिया यांचे शेतात जे उपयोग असतील ते असोत, मातीविना वाढणाऱ्या मुळांसाठी ते योग्य नाहीत. शेणाने सालीतील हवा कोंडते, आणि युरियाची चिमूटसुद्धा एवढ्याशा कुंडीत जास्त होते.

एक सूचना विशेष काळजीने पाळावी. खताचे पाणी देण्यासाठी किंवा पाने ओली करण्यासाठी शेतातील फवारणी पंप वापरू नये. तणनाशकाचा अंश धुतलेल्या पंपातही राहतो. २,४-डी च्या उडत्या थेंबांनी कपाशीची पाने कशी आकसतात, हे आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेले आहे. ऑर्किडच्या कोवळ्या फुटव्याचेही तसेच होते. घरासाठी छोटी, वेगळी फवारणीची बाटली ठेवावी.

कुंडी केव्हा बदलावी

कुंडी बदलण्याची वेळ झाडच सांगते. डेंड्रोबियमच्या नव्या कोंबाला मुळांची टोके नुकतीच फुटू लागली असतील, किंवा फॅलेनॉप्सिसच्या बुडाशी नवी मुळे एक-दोन सेंटिमीटर आली असतील, तेव्हा बदल सर्वांत चांगला सोसला जातो, कारण ती मुळे थेट नव्या माध्यमात शिरतात. आपल्याकडे हे जुलै-ऑगस्टमध्ये जुळून येते. मे आणि डिसेंबर-जानेवारी टाळावेत. मुळे कुजल्याचा वास येत असेल, तर मात्र महिना पाहत बसू नये.

माध्यमात पाइनच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरता येतात. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातील क्षार काढावेत. तालुक्याला साल मिळाली नाही, तर कोळसा आणि सोडण निम्मे-निम्मे घेऊन काम भागते. माती अजिबात घालू नये. विशेषतः आपली काळी, चिकण माती ओली झाली की मुळांची हवा पूर्ण बंद करते. दाबून पाहिल्यावर पोकळ आणि मऊ लागणारी मुळे कापावीत, टणक मुळे कोणत्याही रंगाची असली तरी ठेवावीत. कात्री आधी ज्योतीवर किंवा स्पिरिटने निर्जंतुक करावी. कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच घ्यावी. झाड डगमगत असेल तर काडीला बांधावे, कारण हलत्या झाडाची नवी टोके घासून तुटतात. त्यानंतर चार-पाच दिवस सावलीत ठेवून, मग पाणी सुरू करावे.

फुलदांडा आणि पिल्लू

दिवाळीनंतर रात्रीचा गारवा सुरू झाला, की फॅलेनॉप्सिसला फुलदांडा येण्याची वेळ होते. सतत २८ अंशांच्या वर राहिलेल्या झाडाला फुलदांडा सहसा येत नाही, आणि काही आठवडे तापमान २५ च्या खाली राहिले की तो निघतो. नोव्हेंबरमध्ये कुंडी खिडकीजवळ ठेवली, की हे आपोआप साधते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पारा १५ अंशांखाली उतरू लागला की रात्री तिला आतल्या खोलीत न्यावे आणि थंड फरशीऐवजी लाकडी पाटावर ठेवावे. १० अंशांच्या खाली पोग्याला इजा होऊ शकते.

फुलदांडा निघाल्यापासून फुले उमलेपर्यंत दोन-तीन महिने लागतात. या काळात कुंडी फिरवू नये. दांडा उजेडाकडे वळत असतो, आणि दिशा बदलली तर तो वेडावाकडा होतो. वीतभर झाल्यावर बारीक काडीचा सैल आधार द्यावा. कळ्या धरल्यावर कुंडी पिकत्या फळांजवळ ठेवू नये. घरात आंब्याची अढी लावलेली असेल, तर तिच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या पिवळ्या पडून गळतात. डेंड्रोबियमच्या उन्हाळी कळ्यांचे हे नुकसान अनेक घरी होते आणि दोष उन्हाला दिला जातो.

पिल्लू आले तर घाईने वेगळे करू नये. त्याला दोन-तीन पाने आणि पाच-सात सेंटिमीटरची किमान दोन मुळे आली, की दांड्याच्या थोड्या तुकड्यासह कापून छोट्या कुंडीत लावावे. डेंड्रोबियमवर एकाच वेळी पुष्कळ पिल्ले येऊ लागली, तर आधी मूळ झाडाची मुळे तपासावीत. मुळे कुजल्यावर किंवा नत्र फार झाल्यावर झाड असे करते.

पावसाळ्यातील राखण

वाढीचा हंगाम हाच कुजण्याचाही हंगाम असतो. झडीच्या दिवसांत फॅलेनॉप्सिस छपराखालीच ठेवावे आणि मंद पंख्याने खोलीतील हवा खेळती ठेवावी. पानावर पाणचट, तपकिरी डाग दिसून तो दिवसागणिक पसरू लागला, तर तो जिवाणूजन्य कुजव्याचा असतो. डागाभोवतीच्या थोड्या निरोगी भागासह तेवढा भाग निर्जंतुक पात्याने कापून टाकावा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी, आणि झाड इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. ही पूड मुळांना लागू देऊ नये, ती त्यांना सुकवते. डेंड्रोबियमच्या कोवळ्या फुटव्यावर तांबेयुक्त बुरशीनाशक मारू नये, त्याने कोंब जळतो.

मुळांची हिरवी टोके रात्रीतून नाहीशी होत असतील, तर गोगलगाय शोधावी. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन कुंडीखाली पाहिले, की ती सापडते आणि हाताने वेचता येते. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात आणि कोंबाच्या गुंडाळीत लपतो. तो सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. उन्हाळ्यात पानाच्या खालची बाजू रुपेरी आणि खरबरीत दिसली, तर लाल कोळी असतो. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसत राहिल्यास तो आटोक्यात येतो. निंबोळी तेल वापरायचे असल्यास ते संध्याकाळी आणि पारा ३२ अंशांच्या खाली असतानाच वापरावे.

दसऱ्याच्या सुमारास वाढ मंदावली, की नव्या पानाची लांबी आधीच्या पानाशी किंवा नव्या कांडीची उंची जुन्या कांडीशी पट्टीने मोजून पाहावी आणि तारखेसह कुंडीवर लिहून ठेवावी. नवे पान जुन्याइतके किंवा मोठे असेल, तर जागा आणि पाणी आहे तसेच चालू ठेवावे. ते आखूड आणि गडद हिरवे असेल, तर कुंडी हिवाळ्यात खिडकीच्या अधिक जवळ सरकवावी. आखूड आणि सुरकुतलेले असेल, तर कुंडी उपसून मुळे पाहावीत. निम्म्याहून अधिक मुळे गेलेली आढळली, तर त्या हिवाळ्यात आलेला फुलदांडा लहान असतानाच कापून टाकावा.